ताईचं पिस्तूल आणि भाऊजींचे हात

स्वतःच्या बायकोच्या हातात पिस्तूल देऊन वर तिलाच ‘राग डोक्यातून काढ, श्वास सोड, मग दाब’ असं समजावणारा नवरा अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात एकच होता, आणि तो माझा भाऊजी होता. पिस्तूल खेळाचं होतं. दाबलेल्या हवेवर चालणारं, दहा मीटरवरच्या कागदाला शिशाचे बारीक छर्रे मारणारं. पण सालेकशात हा खुलासा ऐकून घ्यायला कोणाला सवड होती? लोकांच्या लेखी घडीसाजाच्या बायकोजवळ पिस्तूल होतं आणि घडीसाज ते रोज तेल लावून तयार ठेवत होता. त्यामुळे दुरुस्तीला टाकलेली घड्याळं लोक वेळेवर घेऊन जात.

भाऊजींचं मूळ गाव चोरखमाऱ्याकडचं, घराणं पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणाऱ्यांचं. पाणी कुठे झुकतं ते त्यांच्या लोकांना डोळ्यांनीच कळतं म्हणतात. त्यांचे दोघे भाऊ धानाच्या बांधीत उतरले आणि हे मात्र सालेकशाच्या स्टेशनजवळ एका खोलीत डोळ्याला भिंग लावून बसले. घड्याळं, शिलाई मशीन, फवारणीचे पंप, जे फिरतं आणि अडतं ते सगळं त्यांच्याकडे यायचं. माझी ताई वनरक्षक. दरेकशाकडच्या जंगलात तिची बीट. पस्तिशी उलटल्यावर खात्याच्या खेळांत तिनं कोणाच्या तरी आग्रहावरून पिस्तूल हातात घेतलं आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांना मागे टाकलं. मग गोंदियात एका जुन्या हॉलमध्ये सराव सुरू झाला, पुढे स्वतःचं पिस्तूल आलं. ताईनं एकदाही नेम धरण्याआधीच भाऊजींनी ते पूर्ण उघडून पांढऱ्या धोतराच्या तुकड्यावर मांडलं होतं. ताईनं किंकाळी फोडली. भाऊजी शांतपणे म्हणाले, “अवो, बोंबलते कायले? अंदर का आहे थे पाहून राहिलो.”

त्या दिवसापासून घड्याळं मागे पडली. डबीतले छर्रे सगळे सारखेच असतात हे कंपनीचं म्हणणं त्यांना पटेना. ओळखीच्या सोनाराचा काटा त्यांनी मागून आणला आणि एकेक छर्रा चिमट्यानं उचलून तोलायला बसले. तोललेले छर्रे होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्यांत वजनाप्रमाणे वेगळे होत. सर्वांत एकसारखे ते स्पर्धेचे, त्याखालचे सरावाचे आणि जे कुठेच बसत नसत ते गावी मासेमारांना जाळ्याला बांधायला. चोरखमाऱ्याच्या तलावातले कितीतरी मासे राज्य पातळीवर नापास झालेल्या शिशानं पकडले गेले. मी गोंदियात शिक्षक. एकदा त्यांच्याकडे गेलो आणि त्यांच्या टेबलाजवळ शिंकलो. दीड तासाची मेहनत जमिनीवर सांडली. पुढच्या वेळी त्यांनी दारातच मला रुमाल दिला आणि म्हणाले, “गुर्जी, याच्यात शिंकून घ्या न मंग अंदर या.”

पिस्तुलाची मूठ ताईच्या पंजाला बसत नव्हती. भाऊजींनी एका संध्याकाळी पोळ्यांसाठी मळलेली कणीक उचलली आणि तिच्या हातात दिली. “धर. पिस्तूल धरते तशी. हालू नको.” चूल पेटलेली, मी भुकेला, आणि ताई परातीसमोर हात लांब करून उभी. पाच मिनिटांनी भाऊजींनी तो बोटांचा ठसा अलगद काढून घेतला आणि बीज्याच्या लाकडातून तशीच्या तशी मूठ कोरली. मे महिन्यात उन्हानं हात फुगतो म्हणून एक उन्हाळ्याची, आणि थंडीत आक्रसतो म्हणून दुसरी हिवाळ्याची. त्या रात्री आम्ही भातावर भागवलं. बुटांचे तळ ते मिस्त्रीची पाणसळ ठेवून पात्यानं तासत. तळ किंचितही झुकता चालायचा नाही, झुकलेल्या माणसाचा नेम झुकतो, असं त्यांचं म्हणणं.

नेम धरताना एक डोळा झाकावा लागतो, पण पूर्ण अंधार केला तर दुसरा डोळा थकतो. म्हणून उजेड थोडा आत येईल अशी पट्टी चष्म्याला लावतात. भाऊजींनी ती जुन्या एक्स-रेतून कापली. एक्स-रे त्यांच्या वडिलांच्या छातीचा होता. म्हातारे छातीच्याच आजारात गेले होते. ताईनं पट्टी उजेडात धरली आणि तिला बरगड्या दिसल्या. “मामंजींची छाती डोळ्यावर बांधून मी खेळू का?” तिनं विचारलं. भाऊजी म्हणाले, “बाबाले तुह्यावर भरोसा होता. पाहू दे त्यायले.” तिनं ती पट्टी शेवटपर्यंत बदलली नाही.

भाऊजी खोटं बोलू शकत नसत, हा त्यांच्यातला सर्वांत मोठा बिघाड. एकदा पिस्तुलाची पेटी घेऊन आम्ही दोघे मोटारसायकलनं निघालो होतो. आमचा भाग नक्षलग्रस्त, ते सांगायला नको. रस्त्यावर तपासणी चालू होती. जवानानं विचारलं, “डिब्बे में क्या है?” मी ‘खेल का सामान’ म्हणायला तोंड उघडलं तोच भाऊजी म्हणाले, “पिस्तूल.” पुढचे तीन तास आम्ही कडुनिंबाखाली बसून होतो. कागदपत्रं पाहून साहेबाचं समाधान झालं तेव्हा भाऊजींचं लक्ष साहेबाच्या मनगटाकडे होतं. “साब, आपकी घडी पीछे चल रही है.” मग आणखी एक तास, ती घडी दुरुस्त होईपर्यंत.

पण त्यांचा खरा जीव ट्रिगरमध्ये होता. या खेळात ट्रिगर निदान पाचशे ग्राम वजन पेलणारा हवा, असा नियम आहे. पिस्तूल उभं धरून ट्रिगरला वजन अडकवतात आणि उचलतात. वजन उचललं गेलं तर पास. मधेच ट्रिगर सुटला तर नापास. ट्रिगर जितका हलका तितका नेम कमी हलतो, म्हणून सगळ्यांनाच पाचशेच्या जवळ राहायचं असतं. इतर लोक पंधरा-वीस ग्राम वर ठेवून निवांत झोपतात. भाऊजी दोन ग्राम वर ठेवत. सुरुवातीला त्यांच्याकडे प्रमाणित वजन नव्हतं तेव्हा त्यांनी अर्ध्या किलोचा मिठाचा पुडा अडकवला होता, आणि मग प्लास्टिकच्या पिशवीचं वजन कोण धरणार म्हणून पुड्यातून चिमूटभर मीठ काढलं होतं. ट्रिगरचा पेच ते इतका बारीक फिरवत की हात हलला हे दिसायचंच नाही. तेव्हा ते हात खरंच हलत नसत.

कधी सुरू झालं ते नेमकं सांगता येणार नाही. मला पहिल्यांदा दिसलं ते चहाच्या बशीत. कप बशीवर बारीक वाजत होता. भाऊजींनी तो खाली ठेवला आणि खिडकीबाहेर पाहत म्हणाले, “मालगाडी.” मीही बाहेर पाहिलं. रूळ रिकामे होते.

पुढे ते टेबलाच्या पायाखाली पुठ्ठे घालायला लागले. मग टेबल बदललं. मग खोलीतली फरशी ठोकून पाहिली. “हात नाई हालून राहिला गुर्जी, टेबल हालून राहिला,” असं मला त्यांनी पाणसळ दाखवून सांगितलं, आणि पाणसळीतला बुडबुडा त्यांच्या हातात नाचत होता. ताईनं सायकलच्या ट्यूबचा पट्टा टेबलाला ठोकलेला पाहिला तेव्हा तिला वाटलं वस्तू पकडून ठेवायला काही नवीन शिकंजा केला असेल. तो मनगट आवळून बांधण्यासाठी होता. नागपूरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि हा बरा होणारा नाही, सांभाळायचा आहे, असं नीट समजावलं. परतीच्या गाडीत भाऊजींनी गोळ्यांची पट्टी खिशातून काढली, एक गोळी तळहातावर घेतली. ती तिथे थरथरत राहिली. “सारख्या वजनाच्या नाई वाटत,” ते म्हणाले. आम्ही हसलो. हसायलाच हवं होतं.

त्याच वर्षी ताईची राज्य स्पर्धेसाठी निवड झाली. मी सुट्टी काढून दोघांबरोबर गेलो. आदल्या दिवशी दुपारी लॉजच्या खोलीत भाऊजींनी ट्रिगर लावायला पेचकस काढला. ताई म्हणाली, “राहू द्या ना आता. चांगला तर आहे.” “थोडा जड झाला,” ते म्हणाले. डावा हात उजव्या मनगटावर दाबून ते खिडकीशी बसले. अर्धा तास लागला. घरी हेच काम ते दोन मिनिटांत करत. त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि ताई तिकडे पाठ करून, घडी घातलेल्या कपड्यांची पुन्हा पुन्हा घडी घालत होती.

दुसऱ्या दिवशी ताई जे खेळली ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. साठ छर्रे. एकामागून एक, जणू कोणी हात धरून कागदाच्या मधोमध ठेवत होतं. ती पहिल्या तिघांत होती. पुढे देशपातळीची स्पर्धा होती. भाऊजी प्रेक्षकांत डोळे मिटून बसले होते, ते ती खेळताना कधीच पाहत नसत. मी त्यांच्या कानात गुण सांगत होतो आणि माझा हात त्यांच्या हातात होता. दोघांचेही हात थरथरत होते. आजार कोणाचा ते कळलं नसतं.

खेळ संपल्यावर काही जणांची पिस्तुलं तपासायला घेतात. त्यात ताईचं नाव निघालं. पंचांनी वजन अडकवलं, उचललं. कट्. ट्रिगर सुटला, वजन टेबलावरच राहिलं. तीनदा करून बघायची मुभा असते. दुसऱ्यांदा वजन बोटभर उचललं गेलं आणि सुटलं. तिसऱ्यांदा तेवढंही नाही. पंच वाईट माणूस नव्हता. त्यानं ताईकडे पाहून मान हलवली आणि कागदावर तिच्या नावापुढे आडवी रेघ मारली. साठही छर्रे बाद.

भाऊजी तिथेच उभे होते. बराच वेळ त्यांनी त्या वजनाकडे पाहिलं. मग म्हणाले, “चारशे नव्वद असन.”

परतीच्या प्रवासात ते वरच्या बर्थवर भिंतीकडे तोंड करून पडून होते. ताई आणि मी खिडकीशी. माझ्या डोक्यात एक प्रश्न होता, तो मी शेवटी विचारला. खेळाआधी तिथे टेबलावर वजन ठेवलेलं असतं. ज्याला हवं त्यानं आपला ट्रिगर तपासून घ्यावा. मग ती तपासायला का गेली नाही?

“गेली होती,” ताई म्हणाली. “लाइनीत उभी बी राहिली. मागं पाहिलं तं हे माह्याकडे पाहून राहिले होते.” ती थांबली. “मंग मी परत आली.”

“तुले मालूम होतं?”

“आदल्या दिवशीच मालूम होतं. बोटाले समजते ना रे.”

घरी आल्यावर भाऊजींनी हत्यारं एका पेटीत भरून आमगावच्या एका घडीसाजाला देऊन टाकली. दुकानाची पाटी उतरवली. ताईनं पिस्तूल कपाटात ठेवलं. वर्षभर त्या घरात कोणी त्या विषयावर बोललं नाही. आजार मात्र बोलत राहिला. शर्टाची बटणं गेली, मग जेवताना चमचा, मग चालताना पाय अडखळायला लागले. मी रविवारी जायचो. ते मला ओळखीचं हसू द्यायचे, पण चेहरा तेवढा हलायचा नाही, म्हणून ते हसू डोळ्यांतच राहायचं.

मग एका रविवारी मी गेलो तर आत भांडण चालू होतं. मी घाबरून दारातच थांबलो. टेबलावर पिस्तूल, ताईच्या हातात नवा पेचकस, आणि समोर खुर्चीत भाऊजी, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

“अर्धा! अर्धा म्हटलं मी! हा पाऊण झाला!”

“मंग तुमीच करा!”

“माह्यानं झालं असतं तं तुले कायले सांगितलं असतं?”

मग ताईनं पेच परत फिरवला. भाऊजी मऊ आवाजात म्हणाले, “अर्ध्याचा अर्धा. हां. आता थांब. श्वास घे.”

इतका वाईट शिक्षक मी माझ्या नोकरीत पाहिला नाही, आणि शाळेत आम्ही कमी नव्हतो. ते ओरडत, रुसत, जेवायला नकार देत. जंगलात हिंडून ताईची बोटं जाड झालेली. पेचकस घसरला की त्यांना स्वतःला लागल्यासारखं होई. पण चार महिन्यांत ताई स्वतःचा ट्रिगर स्वतः लावायला शिकली. किती ग्राम वर ठेवायचे यावरून शेवटचं भांडण झालं. ती वीस म्हणाली. भाऊजी दोन म्हणाले. मग बऱ्याच वेळानं तेच म्हणाले, “ठेव वीस.”

पुढच्या स्पर्धेला ती एकटी गेली, कारण भाऊजींना प्रवास झेपणारा नव्हता. मी त्यांच्याजवळ थांबलो. दुपारी तिचा फोन आला. मी फोन त्यांच्या कानाशी धरला, पण त्यांचा आवाज आता इतका खोल गेला होता की तिला ऐकू जाईना. म्हणून ते मला सांगत आणि मी तिला.

“विचारा, वजन उचललं का?”

“भाऊजी विचारतात, वजन उचललं का?”

“उचललं. पहिल्याच झटक्यात.”

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. गुण किती, नंबर कितवा, काही विचारलं नाही. ताई चौदावी आली होती. मीही सांगितलं नाही.

थोड्या वेळानं त्यांना खुर्चीतच डोळा लागला. झोपेत काय होतं ते डॉक्टरांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही त्यांना दिवसा झोपलेलं कधी नीट पाहिलं नव्हतं. झोप गाढ झाली तसे मांडीवरचे ते हात हळूहळू मंदावले आणि थांबले. अगदी थांबले. लांब, बारीक, घडीसाजाची बोटं. बाहेरून खरीखुरी मालगाडी गेली, खिडकीची काच थरथरली, टेबलावरचा पेला वाजला. त्यांचे हात हलले नाहीत. गाडी निघून गेल्यावरही मी कितीतरी वेळ तिथेच बसून ते पाहत राहिलो. उठलो असतो तर त्यांना जाग आली असती.