चेटकिणीचं नाक कुणाला लावायचं

साल दोन हजार तेवीस. मी बाहत्तर वर्षांचा, तिसरी पास, आणि मेकअप रूममध्ये हातात नाक घेऊन उभा होतो. पडदा उघडायला तासभर होता. मॅडम म्हणत होत्या, "चाचा, नाक नक्को."

नाक चेटकिणीचं. कागदाचा लगदा, वरून मलमल, टोकाला चामखीळ. ते स्पिरिट गमनं चिकटवतात, म्हणजे मिशा चिकटवायच्या डिंकानं. काचीगुड्यात माझं मेकअपचं दुकान आहे. हैदराबादेत नाटक कुठल्याही भाषेचं असो, चेटकीण आली की नाक माझंच.

या मॅडम कॉलेजात स्पॅनिश शिकवतात. स्पेनच्या पाचशे वर्षं जुन्या गोष्टीवरून त्यांनी दखनीत, म्हणजे आमच्या हैदराबादी बोलीत, नाटक बसवलं होतं. त्यात एक म्हातारी आहे. दारोदार सूत विकते, बाळंतपणं करते, तेलं-अत्तरं बनवते, चोरून सोयरिकी जमवते. गावातले मोठे लोक अंधार पडला की तिच्या दारात, आणि उजाडलं की तिलाच चेटकीण म्हणणार.

"लिहिणाऱ्यानं तिला चेटकीण केली," मॅडम बोलल्या. "आपण कष्ट करून खाणारी बाई दाखवतोय. तिचं नाक माणसाचंच पाहिजे."

"मॅडम, चेटकीण कशी असते ते मला शिकवू नका. माझ्या घरात एक आहे."

खुर्चीत बसलेली सुजाता फिस्सकन हसली. म्हातारीचं काम तिचंच. नल्लकुंट्याची पोरगी, बँकेत नोकरीला. तिचा बाप नांदेडकडचा, माझ्या ओळखीचा.

"काकू पहिल्या लाइनीत बसल्यात, काका. जाऊन सांगू?"

"सांग की. भितो का मी?" हे मी जरा हळू बोललो.

मग मी पेटी बंद केली. नाक नाही तर मेकअपही नाही. मॅडमचा चेहरा उतरला. पंचविशीच्या सुजाताला सत्तरीची करणारा दुसरा माणूस तासाभरात कुठून आणणार?

तेवढ्यात नाटकातला नवाबजादा पावडर लावून घ्यायला आला. तोंडानं पाठ चालू होतं, "हट, चेटकीण! दूर हो!"

सुजातानं माझ्या हातातलं नाक ओढलं आणि थेट त्याच्या तोंडावर दाबलं. "हां, अब बोल."

तो बोलला. चामखीळ वरखाली नाचली. मॅडम हसता हसता जमिनीवरच बसल्या. "चाचा, येइच! जो तिला चेटकीण म्हणेल, नाक त्याला!"

"म्हणजे नाक लागतंय?"

"हौ."

"स्टेजवर?"

"हौ, चाचा!"

मी पेटी उघडली.

तिला चेटकीण म्हणणारे नाटकात तिघं. नाक एकच. बाकी दोघांसाठी पुटी मळली. पुटी म्हणजे मेणासारखा मऊ गोळा, खऱ्या नाकावर चढवून आकार द्यायचा. सुजाताला सुरकुत्या दिल्या, केस पिकवले. नाक तिचं तिला ठेवलं.

खेळ सुरू झाला. एकेकजण तो शब्द बोलून विंगेत यायचा, मी नाक बसवायचो, आणि तो काही झालंच नाही अशा तोऱ्यात परत जायचा. लोक खुर्च्या बडवायला लागले. शेवटचा कोतवाल. जाडा माणूस, वरून लाइटांची गरमी. तो ओरडत असतानाच त्याचं नाक लोंबलं आणि पायाशी पडलं.

मी विंगेत देवाचं नाव घेतलं. सुजातानं शांतपणे नाक उचललं, फुंकर मारली, सुताच्या टोपलीत टाकलं.

"एक नाक तो आ गई. बाकी नाकां बी लेके जातूं."

हे वाक्य नाटकात नव्हतंच! सगळं थेटर उभं राहिलं. पहिल्या लाइनीतून कडक शिट्टी आली. माझी बायको शिट्टी वाजवते, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं.

मी हरलो असं कुणी समजू नये. नाक स्टेजवर गेलंच, एकाऐवजी तीन गेली. धंद्यातली एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो. नाक मन लावून बनवावं, पण ते कुणाला नीट बसेल ते आधी ठरवू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला उशीर झाला. बायको आत कोतवालाची नक्कल करत एकटीच हसत होती. मी रोजच्यासारखी हाक मारायला तोंड उघडलं, "अगं ए चे..." आणि माझा हात आपोआप नाकावर गेला.

उठलो, आणि दोघांच्या चहाचं आधण ठेवलं.