इंडियाबाई

बहारीनला अदलियातल्या पार्लरमध्ये मी पहिल्यांदा गेले त्याच दिवशी तिथल्या केस करणाऱ्या बाईने माझ्या दंडाला आपला दंड लावला आणि म्हणाली, "मी पण इंडिया." रंग माझ्याहून गडद, केस मुळाशी लोकरीसारखे. मी विचारलं, इंडियात कुठली? तर बाई डॉमिनिकन रिपब्लिकची! कॅरिबियन समुद्रातलं एक बेट, मोठा भाग यांचा, उरलेला हैतीचा. तिच्या जुन्या ओळखपत्रावर रंगाच्या रकान्यात 'इंडिया' लिहिलेलं होतं, तिकडे सावळ्या बाईला तेच म्हणतात. "आमच्यात काळं कुणी नसतं," तिने शांतपणे सांगितलं. "काळे ते हैतीचे." तेव्हापासून ती माझी इंडियाबाई.

हसायला मला काय जातं! माझ्या लग्नाच्या बायोडेटात 'वर्ण: गव्हाळ' होतं. एवढा काळा गहू कुठल्या शेतात पिकतो, हे नवऱ्याने अजून विचारलेलं नाही. तिला हे सांगितलं तेव्हा ड्रायर बंद करून ती पोट धरधरून हसली.

केसांच्या बाबतीत मात्र बाई कडक. बहारीनच्या दमट हवेत सरळ केलेले केस तासाभरात बंड करतात. स्वतःची एक बट वळलेली दिसली की "खलास!" म्हणत ती पुन्हा स्ट्रेटनर तापवायची. आणि आरशात बघताबघता मधेच दचकून मागे वळायची. मागे कुणीच नसायचं.

एकदा मी विचारलंच, कोण आहे गं?

"आजी."

आई लहानपणीच गेली, आजीने वाढवलं. आजी काळी कुळकुळीत, हैतीहून ऊस तोडायला आलेल्या मजुरांची मुलगी. एकदा शाळेतली गोरी मैत्रीण घरी आली. आजीने सरबत आणलं. ही कोण, असं मैत्रिणीने विचारलं.

"मी म्हणाले, आमची स्वयंपाकीण."

आजीने पेले ठेवले, मान लववली आणि आत गेली. पुढे मरेपर्यंत कुणीही आलं की ती आपणहून उठायची. "मी कधी थांब म्हटलं नाही. आता आरशात माझ्यामागे उभी असते. मी माफी मागते. ती विचारते, आणखी काही हवंय का, बाईसाहेब?"

ती माझे केस विंचरत राहिली.

गेल्या वर्षी ती कायमची मायदेशी गेली. शेवटच्या दिवशी माझ्या खांद्यावर हात ठेवून तिने विचारलं, "तू कुणाला आत बसवलंस?"

"कुणालाच नाही," मी म्हणाले.

खोटं बोलले. मला बघायला पाहुणे यायचे होते, तेव्हा मीच आईला बजावलं होतं, माझ्याहून काळ्या आत्याला बाहेर येऊ देऊ नकोस, तिच्याकडे बघून ते माझा रंग जोखतील. आत्या दाराआडच उभी होती. ती आतून कपबश्या भरून देत राहिली.

आत्या अजून आहे, चिपळूणला. मला स्वतःची लाज वाटते, दर सुट्टीत माफी मागायचं ठरवून जाते आणि तिच्यासमोर तोंड उघडत नाही. या उन्हाळ्यात शेजारचे भेटायला आले, तशी ती उठली. माझी मुलगी म्हणाली, "आई, व्हाय डझ शी ऑल्वेज गो इनसाइड?"

आत्या दारात थांबली होती. माझ्याकडेच बघत होती.

"काही नाही गं," मी म्हणाले, "तिची सवयच आहे."