होळीचा मान आणि बांगडीची निशाणी

गुंजवणीच्या खोऱ्यात मी शाळामास्तर म्हणून गेलो तेव्हा मला पंचविशीही गाठायची होती. गावाचं नाव सांगत नाही. पाटलांच्या घराण्याच्या दोन्ही पाती, म्हणजे शाखा, अजून तिथं नांदताहेत आणि या वयात मला कुणाशी वैर परवडत नाही. राजगडाच्या पायथ्याकडचं, भाताच्या खाचरांचं गाव, एवढं पुरे. शाळा मारुतीच्या देवळात भरायची आणि शनिवारी मारुतीला गिऱ्हाईक जास्त म्हणून आम्ही बाहेर पारावर बसायचो.

माझे वडील पुण्यात एका वकिलाकडे कारकून होते. त्यांनी मला लहानपणी मोडी शिकवली होती. ही विद्या आपल्याला येते हे मी गावात पहिल्याच आठवड्यात दोघातिघांना सांगून टाकलं. कुणी विचारलं नव्हतं. त्या बढाईचं फळ मला पुढं दोन वर्षांनी मिळालं.

गावात पाटीलकी एकच, पण पाती दोन : थोरली आणि धाकटी. दोन्ही घरांनी वाटून घेता येईल ते सगळं वाटून घेतलं होतं. खाचरं वाटली होती, विहिरीच्या पाण्याचे दिवस वाटले होते, बांधावरच्या फणसाच्या फांद्यासुद्धा वाटल्या होत्या. पूर्वेकडच्या फांदीचा फणस पिकून पश्चिमेकडे पडला तर काय, यावर एकदा पंचायत बसली होती. एकच गोष्ट वाटता येत नव्हती, ती म्हणजे होळीला पहिली पोळी देण्याचा मान. तशी पोळीही मोडून दोन करता आली असती. पण पहिला अर्धा कुणी टाकायचा, हा प्रश्न उरलाच असता.

म्हणून गावात दोन होळ्या पेटत. पन्नास पावलांच्या अंतरावर. गावकरी बिचारे दोघांचं मन राखायला दोन्हीकडे नारळ फोडत आणि दोन्हीकडे बोंब मारत. मग एका वर्षी थोरल्यांच्या माणसांनी होळीसाठी म्हणून धाकट्यांच्या गोठ्याचा आडवा वासाच काढून आणला. दोन डोकी फुटली. प्रकरण वेल्ह्याला महालकऱ्यांपुढं गेलं. ते शांत गृहस्थ होते. त्यांनी सांगितलं की पुढच्या होळीआधी मूळचे कागद आणा, थोरलं घर कुठलं ते दाखवा, तोवर होळी गावची आणि मान कुणाचाच नाही.

झालं. गावात मोडी वाचणारा मी एकटा.

थोरले पाटील पहिले आले. साठीचे, धिप्पाड, बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून दूर गडाकडे बघायची सवय. त्यांच्याआधी आंबेमोहर तांदळाचं पोतं येऊन पोचलं होतं. कागद म्हणून त्यांनी जे आणलं त्यात शेतसारा भरल्याच्या पावत्या होत्या, एक जुनं समन्स होतं आणि पोटदुखीच्या औषधाची एक छापील जाहिरात होती. यावरून वंशावळ काढा म्हणाले. वरच्या टोकाला कुणाला घालू, असं मी विचारलं.

“ते तुमीच बगा मास्तर,” ते म्हणाले, “पर तलवारवाला पायजे.”

मी तलवारवाला घातला. मनाची समजूत अशी घातली की ज्या गावातून गड दिसतो, तिथला एखादा पूर्वज कधी ना कधी लढलाच असेल. मी चांगला जाड कागद घेतला, दौत घेतली आणि डेरेदार झाड काढलं. पुढच्या आठवड्यात धाकटे पाटील आले. किरकोळ, हसतमुख, प्रत्येक वाक्यानंतर “व्हय का न्हाई?” विचारणारे. त्यांनी तुपाचं मडकं आणलं होतं. त्यांनाही मी झाड काढून दिलं. तलवारवाला तोच ठेवला, कारण मूळ पुरुष एकच, आणि इतपत प्रामाणिकपणा माझ्यात होता. फक्त त्याच्या दोन मुलांत थोरला कोण आणि धाकटा कोण, ते या झाडात उलट होतं.

तूपभात संपत आला तसं मला भान यायला लागलं. ही दोन्ही झाडं महालकऱ्यांपुढं जाणार होती. ती एकाच हातानं काढलेली आहेत हे ओळखायला त्यांना चष्माही लागला नसता. नोकरी जाईल, वर वडिलांच्या कानावर जाईल, या विचारानं माझी भूक मेली. आता वाचायचं तर खरा कागद शोधणं एवढाच रस्ता होता. खऱ्याचं प्रेम मला हे असं लागलं.

कागदाचा पत्ता मला धाकट्या पाटलांच्या जावयानं दिला. हा माणूस घाटाखालचा, कोकणातला. पाटलांना मुलगा नव्हता म्हणून तो लग्नानंतर इथंच राहिला होता. घरजावई. दोन गड्यांचं काम एकटा करायचा आणि पंगतीत शेवटच्या पानावर बसायचा. थोरले पाटील त्याला कधी नावानं हाक मारत नसत. चावडीत काही निघालं की “घरजावयाला कसली आलीया भावकी” एवढं बोलून ते विषय संपवत आणि लोक हसत. तो स्वतःही थोडंसं हसायचा. मला ते हसणं बघवायचं नाही, पण मीही इतरांबरोबर हसलो आहे, हे इथं कबूल करतो.

त्यानं सांगितलं की दोन्ही पाटलांची भावकीतली एक आत्या आहे, भाटघरकडे दिलेली. दोन्ही घरांत पहिली भांडणं सुरू झाली तेव्हा तिच्या बापानं अस्सल कागदांचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेलं दप्तर, तिच्याकडे नेऊन ठेवला होता. इथं राहिला तर कुणीतरी चुलीत घालील, अशी त्याला भीती. दोन्ही पाटलांना हे माहीत होतं. पण आत्याकडे जायचं तर आधी कुणी जायचं, हा प्रश्न होता.

मग मी आणि जावई निघालो. नसरापूरपर्यंत चालत आणि तिथून भोरकडे जाणाऱ्या मोटारीनं. आत्याचं सासरचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं. ती वरच्या अंगाला, कुडाच्या घरात चार शेळ्या घेऊन राहत होती. सत्तरीची, काटक, पांढरेशुभ्र केस. आम्हाला बघून ती उठली नाही. जावयाकडे निरखून बघून म्हणाली, “तू कोकणातला न्हवं? बस.” पाटलांच्या माणसांत त्याला पहिल्यांदाच कुणीतरी बस म्हणालं होतं.

मी कागदाचं काढलं तशी तिनं समोरच्या पाण्याकडे बोट दाखवलं. तिथं त्यांचं घर होतं, त्यापलीकडे खाचरं. पाणी यायच्या आधी सरकारी माणसं जमीन मोजायला आली, त्यांनी ज्याच्याकडं कागद त्याला जमीन, असं सांगितलं. तिच्या नवऱ्याकडे कागद नव्हता. त्याच्या बापानं, आजानं तीच जमीन कसली होती आणि ते सगळ्या गावाला माहीत होतं. पण सगळं गाव म्हणजे कागद नव्हे. “तवा मला कळलं कागद मंजी काय ते,” ती म्हणाली. मग आत जाऊन कणगीतून मेणकापडात गुंडाळलेला लाल रुमाल घेऊन आली.

“वाचा. म्या ऐकते. चुकलात तर सांगते.”

मी मनात हसलो. मोडी वाचायची माझी घमेंड अजून शाबूत होती. पण दुसऱ्याच ओळीत अडलो, आणि तिनं अडलेला शब्द शेळीच्या पाठीवरून हात फिरवत सांगितला. पुढं पुढं तर ती माझ्या आधी बोलायला लागली. तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं. बापानं तोंडपाठ करून घेतलं होतं.

कागदात असं होतं. जुन्या पाटलांची मुलं रोगराईत गेली. मागं त्यांची विधवा आणि एक लेक राहिली. लेकीचा नवरा घाटाखालून एक म्हैस घेऊन आला आणि सासुरवाडीतच राहिला. त्यानं पडीक जमीन मोडून खाचरं केली. म्हणून बाईनं सगळी जमीन आणि पाटीलकी लेकीजावयाच्या नावे करून दिली. खाली तिची सही म्हणून बांगडी काढलेली होती आणि जावयाची सही म्हणून नांगर. तलवार कुठंच नव्हती. होळीबद्दलही एक कलम होतं : पहिली पोळी घरच्या लेकीनं द्यावी, पुढंही लेकींनीच देत जावी. थोरल्या-धाकट्याचा त्यात उल्लेख नव्हता, कारण ती मुलं तेव्हा जन्मलीच नव्हती.

म्हणजे दोन्ही पाती घरजावयाच्या. मी जावयाकडे बघितलं. तो पाण्याकडे बघत होता.

“मास्तर, त्येनं म्हस आनलीवती?” त्यानं विचारलं.

“कागदात तसं आहे.”

“मंग माज्यापरीस बराच. म्या हात हलवत आलो.”

आत्या मोठ्यानं हसली, मग तो हसला. त्याचं असं हसणं मी पूर्वी ऐकलं नव्हतं. मला हसू येईना. मी आत्याला त्या दोन झाडांची सगळी हकिकत सांगून टाकली. ती रागावली नाही. त्या झाडांत बाया किती हाइत, एवढंच तिनं विचारलं. एकही नव्हती. दोन्ही झाडांत बापाला मुलगा फुटत होता आणि मुलाला मुलगा, जसा काही केळीचा कोंब. इतक्या दिवसांत ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

कागद मी घेऊन जावा असं तिला मान्य नव्हतं. ती स्वतः येणार होती, आणि तो चावडीत सगळ्यांपुढं वाचायचा, अशी तिची अट होती.

होळीच्या दोन दिवस आधी ती आली, आपल्या नातीकडे, म्हणजे जावयाच्या बायकोकडे उतरली. त्या दिवशी सकाळीच थोरले पाटील शाळेत आले. कागदात घरजावई आहे, याचा त्यांना कुठूनतरी वास लागला होता. या वेळी गडाकडे न बघता ते माझ्याकडे बघत होते.

“त्या जागी वाळवी लागलीया आसं वाचा,” ते म्हणाले.

मी सांगितलं की आत्याला सगळं पाठ आहे. त्यावर ते म्हणाले की म्हातारीला कोण विचारतंय. ते गेल्यावर धाकटे पाटील आले. त्यांनीही वाळवीचंच काढलं, आणि व्हय का न्हाई विचारलं. दोन्ही पातींचं एकमत मी पहिल्यांदा बघितलं ते वाळवीवर.

चावडी भरली होती. बायका बाहेर ओट्यापलीकडे. मी वाचायला लागलो. लेकीच्या नवऱ्याचा मजकूर आला तसा माझा आवाज आपोआप खाली गेला. खोटं सांगत नाही, एक ओळ गाळावी असं मनात आलंही होतं. तेवढ्यात ओट्यापलीकडून आत्याचा आवाज आला.

“मोठ्यानं वाचा, मास्तर. मागं ऐकू येत न्हाई.”

मी मोठ्यानं वाचलं. म्हैस वाचली, खाचरं वाचली, बांगडी आणि नांगर वाचले, होळीचं कलम वाचलं. कुणी हसलं नाही. सगळे दोन्ही पाटलांची तोंडं चुकवून आढ्याकडे बघत होते. मग थोरले पाटील उठले. पाठोपाठ धाकटे उठले. दोघं एका दारातून, एकमेकांना वाट देत बाहेर पडले.

तिसऱ्या प्रहरी दोघं मिळून माझ्याकडे आले. कागद बनावट आहे, कुणीतरी कोकण्यानं मुद्दाम केलेला आहे, असं थोरल्यांनी सांगितलं. धाकट्यांनी मान डोलावली. आणि तसंही आम्हा भावाभावांत वाद कसला? तो कधी नव्हताच. तसा अर्ज महालकऱ्यांना लिहून द्या. मी लिहून दिला. दोघांनी अंगठे शेजारी शेजारी उमटवले. एका घरजावयानं, तेही मेलेल्या, दोन घरांतलं वैर एका दुपारीत मिटवलं होतं. मी माझी झाडं परत मागितली. कुणीच दिली नाहीत. थोरल्यांनी तर भोरहून काचेची चौकट करून आणली होती.

त्या वर्षी होळी एकच पेटली. दोन्ही पाटील एक ताट दोघांनी धरून निघाले. पण चालायची गती जमेना. कुणी पुढं व्हायला तयार नाही, मागं राहायला तर नाहीच. ते वाटेत असतानाच आत्या पदराखाली पोळी घेऊन होळीजवळ आली. नातीला, जावयाच्या बायकोला, तिनं बरोबर घेतलं होतं. दोघींनी हात लावून पोळी आगीत टाकली, नमस्कार केला आणि बाजूला झाल्या. पाटील जागच्या जागी थांबले. आता कुणीतरी हटकेल असं मला वाटलं. पण थोरले धाकट्यांनी हटकावं म्हणून थांबले होते आणि धाकटे थोरल्यांनी. एकमेकांना पुढं करायची सवय त्यांना चावडीच्या दारातच लागली होती. शेवटी एका पोराला राहवलं नाही, त्यानं बोंब ठोकली, आणि सगळं गाव सुरू झालं.

त्यानंतर चावडीत घरजावई हा शब्द कुणी काढला नाही. जावयाला लोक नावानं हाक मारू लागले. पंगतीत त्याचं पान मात्र शेवटचंच राहिलं. विचारलं तर म्हणाला की तिथं वाढप्याला घाई नसते.

आत्या आठ दिवस राहिली. जाताना थोरल्या पाटलांनी तिला गुपचूप एक लुगडं पाठवलं आणि झालेलं भाटघरकडे कुणाला सांगू नये, असा निरोप दिला. धाकट्यांनीही पाठवलं, निरोप तोच. तिनं दोन्ही ठेवून घेतली. मी तिला नसरापूरला मोटारीत बसवून दिलं. महिन्याभरानं त्याच मोटारीनं मी भोरला निघालो, तर गाडी घाट चढताना ड्रायव्हरनं सगळ्या उतारूंना आमच्या गावच्या पाटलांची हकिकत ऐकवली. आत्यानं त्या दिवशी बसल्या बसल्या सगळ्या मोटारीला ती सांगितली होती. ड्रायव्हरच्या तोंडी एका म्हशीच्या पाच झाल्या होत्या, आणि चावडीत वाचता वाचता मास्तर रडला, असंही त्यात होतं. मी खिडकीशी बसून ऐकत होतो. शेजारच्यानं विचारलं, तुम्ही कुठले? मी पुण्याचा म्हणून सांगितलं.