विरलेलं बुबुळ

माझी नात रफू करते. कुणाचा कोट खिळ्यात अडकून फाटला, कुणाच्या शालीला कसर लागली, की त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागे काढायचे आणि भोकावर एकेक धागा वर-खाली घालत नवं कापड विणायचं. गिऱ्हाइकाला भोक सापडता कामा नये. हे काम मीच तिला शिकवलं. माझी शाळा चौथीपर्यंतची, पण सुईच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही.

तिची आई, म्हणजे माझी लेक, नोकरीसाठी लांब असते. पोरगी माझ्याकडेच वाढली. ती रफूच्या दुकानात कामाला आहे, तिथे तिला सगळे भिंग म्हणायचे, कारण ती कापड अगदी नाकाला लावून बघायची. मीही हसायची. तेवीस वर्षांच्या पोरीला कापड नाकाला का लावावं लागतं, हे काही माझ्या टाळक्यात शिरलं नाही. चष्मा दर सहा महिन्यांनी बदलत होता. एकदा रस्त्याने येताना तिने मला विचारलं, समोर किती दिवे दिसतात. मी म्हटलं, एक. तिला पाच दिसत होते, एकाला एक चिकटलेले, खाली शेपूट फुटल्यासारखे.

मग तो राखाडी कोट आला. बाहीवर नखाएवढं भोक. दोन दिवस खपून तिने रफू केलं, आणि दुकानाच्या मालकीणबाईंनी कोट उजेडात धरला तर दारातूनसुद्धा रफू दिसत होतं. एका धाग्याचे तिला दोन दिसायचे, त्यातल्या नसलेल्या धाग्याखालून सुई गेली होती. मालकीणबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तिच्यापुढे बटणांचा डबा सरकवला. म्हणाल्या, डोळे दाखवून ये, तोवर बटणं लाव. थंडीचे कोट यायला लागले की मला रफूवाली लागेल, तू नसशील तर दुसरी बघावी लागेल. रफूवालीला बटणं लावायला बसवणं म्हणजे गवयाला सतरंज्या उचलायला लावणं. पोरगी त्या दिवशी जेवली नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या बुबुळाचा नकाशा काढला. निळा, हिरवा, आणि खालच्या बाजूला लालभडक डाग. याला केराटोकोनस म्हणतात, त्या म्हणाल्या. बुबुळाच्या पुढची काच पातळ होत जाते आणि आतल्या दाबाने सुळक्यासारखी पुढे येते. वाकडी काच, म्हणून वाकडं दिसतं, आणि चष्म्याने ते सरळ होत नाही.

"म्हणजे कोपरापाशी विरलेला स्वेटर," मी म्हटलं.

"अगदी तसंच, आजी."

मला वाटलं होतं, त्या हसून नाही म्हणतील. विरलेल्या कापडाचं पुढे काय होतं, ते मला चांगलं ठाऊक आहे.

मग त्यांनी विचारलं, डोळे चोळायची सवय आहे का. पोरीने माझ्याकडे पाहिलं आणि पटकन मान खाली घातली. लोकरीच्या कुसाने लहानपणापासून तिचे डोळे खाजायचे. मी पदराचा बोळा करून त्यावर फुंकर घालायची, तो गरम बोळा तिच्या हातात द्यायची आणि सांगायची, चांगलं चोळ, मोकळं वाटेल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे घराण्यातूनही येतं, कुणा एकाला दोष देता येत नाही, पण चोळल्याने वाढतं. मला फक्त शेवटचे दोन शब्द ऐकू आले. आंधळी होईल का, हे विचारायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनीच ओळखलं. पूर्ण आंधळेपण सहसा येत नाही, पण वाढू दिलं तर एक दिवस ती काच बदलायची पाळी येईल. म्हणून आधी थेंब घालून, वर किरण देऊन बुबुळ कडक करायचं, म्हणजे आहे तिथे थांबेल. दिसण्याचं काम नंतर लेन्स करील.

किरणांचं झालं. पुढचे काही महिने मी रोज सकाळी तिला भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली तारीख वाचायला लावायची. ती चिडायची. आजची तारीख मला माहीत असते, आजी, म्हणायची. तेही खरंच.

मग लेन्स बसवणाऱ्या बाईंकडे गेलो. लेन्स कसली, बाहुलीच्या भांडीकुंडीतली वाटीच ती. ती बुबुळावर टेकत नाही, भोवतीच्या पांढऱ्या भागावर टेकते, आणि मध्ये पाणी राहतं. वाटी खास पाण्याने काठोकाठ भरायची, मान जमिनीकडे वाकवायची आणि वाटी खालून डोळ्याला लावायची. बुडबुडा राहिला तर काढून पुन्हा. हे सांगून होईपर्यंत मी बघत होते. वाटी डोळ्याजवळ गेली आणि मी डोळे मिटून घेतले. काढायचं कसं ते शिकवलं, तेव्हाही मिटलेलेच होते.

"आजी," पोरगी म्हणाली, "तुला मिशी आहे."

मी डोळे उघडले. ती माझ्याकडे टक लावून बघत होती आणि रडत होती. रडू नको, पाणी वाया जाईल, असं काहीतरी मी बोलले.

त्या संध्याकाळी घरी लेन्स निघेना. काढायला रबराची बोटाएवढी दांडी असते, टोकाला इवलीशी चिकटणारी वाटी. पोरीने ती लेन्सच्या बरोबर मध्ये लावली आणि ओढली. लेन्स जागची हलली नाही, डोळा मात्र पुढे आल्यासारखं वाटलं. तिने हात सोडला, पुन्हा लावली, पुन्हा ओढली. डोळा लालबुंद झाला. लेन्सवाल्या बाईंचा फोन नुसता वाजत राहिला. "फाटेल का गं आजी?" ती म्हणाली. मला त्या नकाशातला लाल डाग दिसत होता, आणि माझं पाप असं की शिकवताना मी डोळे मिटून बसले होते.

तिने तिसऱ्यांदा दांडी उचलली. मी तिचं मनगट धरलं.

"पोरी, कोटाला चिकटवलेलं ठिगळ आपण मधून ओढतो का?"

"नाही. कापड ताणतं."

"मग?"

तिने दांडी खाली केली. मग हळूच म्हणाली, "कडेने. त्या बाईंनीही कडच सांगितली होती. आधी पाण्याचे थेंब घाल म्हणाल्या होत्या."

मी थेंब घातले. दोन डोळ्यात, चार गालावर. थोडं थांबलो. तिने दांडी ओली करून लेन्सच्या खालच्या कडेला लावली आणि ओढली नाही, नुसती वर कलती केली. पाणी घळकन ओघळलं आणि लेन्स हातात आली. आम्ही दोघी तिथेच फरशीवर बसलो.

थंडीचा पहिला कोट आला, तो मालकीणबाईंनी तिच्यापुढे टाकला. काळा, त्यात काळ्या धाग्याने रफू. झाल्यावर त्यांनी तो उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि विचारलं, भोक कुठल्या बाहीवर होतं. बटणांचा डबा परत फळीवर गेला.

माझी भीती मात्र गेलेली नाही. दर सहा महिन्यांनी नवा नकाशा निघतो आणि तो लाल डाग वाढला नाही, हे ऐकेपर्यंत मी श्वास रोखून बसते. घरात तिचा हात डोळ्याकडे गेला की मी चापट मारते, मग कुणी पाहुणा समोर असो. आणि संध्याकाळी ती आरशापुढे उभी राहिली की मी मागे उभी राहते. दांडी डोळ्याला लागते, तरी मी डोळे मिटत नाही.