अरकूची गाडी मीच सोडली!

माझी गाडी चुकली नव्हती. भिलाईत आमच्या कोहका वस्तीत भाजीवाल्यापासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांना हे सांगून झालं. कुणी मानत नाही, ती त्यांची अक्कल!

मी रेल्वेत गार्ड होतो. उभी नोकरी दुर्ग लाइनवर, शेवटच्या डब्यात. मी झेंडा दाखवायचा, गाडी हलायची आणि सगळ्यात शेवटी मी चढायचो. घरच्यांसोबत निघालो तरी तेच. बायको खिडकीत, मी गाडी हलेपर्यंत प्लॅटफॉर्मवर. आधीच आत जाऊन बसणं हे पॅसेंजरचं काम!

रिटायर झाल्यावर मुलाने अरकूची तिकिटं काढून दिली. विशाखापट्टणमहून डोंगर चढत जाणारी गाडी, बोगद्यांमागून बोगदे आणि आमचा डबा चक्क काचेचा! माझ्या बायकोने, वच्छलाने, भिलाईतच बजावलं.

"अवो, जनमभर मी खिडकीत एकटीच बसली. या टायमाले मले पहाड तुमच्या बाजूले बसून पाहाचा आहे. समजलं?"

"समजलं ना! कावून चिल्लावून राहिली?"

घाट सुरू होण्याआधी एका छोट्या स्टेशनावर गाडी थांबली. मी उठलो.

"उतरू नोका म्हणते ना मी!"

"वच्छले, मी गार्ड आहो! माझ्याबिना गाडी सुटन काय?"

उतरलो. जरा वेळाने सिग्नल हिरवा झाला, शिट्टी झाली, लोक धावत डब्यात शिरले. मी मात्र ऐटीत उभा राहिलो आणि सवयीने उजवा हात वर केला. गाडी हलली. (बघा! हात वर केल्यावरच हलली.) मग दाराकडे वळलो, तर दार बंद! काचेच्या डब्याचं दार आपोआप लागतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आत वच्छला काचेवर दोन्ही हात आपटत होती. शब्द ऐकू येत नव्हते, पण इतक्या संसारानंतर ते ओठांवरूनही कळतात. इथे लिहिण्यासारखे नाहीत.

दुसरा कुणी असता तर बोंबलत धावला असता. मी जागचा हललो नाही. शेवटचा डबा माझ्यापाशी येणारच होता, जन्मभर येत आला आहे! आलाही. त्यातल्या मिशीवाल्या गार्डने मला कॉलर धरून आत ओढलं.

"अंकल, मरना है क्या?"

"हम भी गार्ड थे!" मी छाती काढून म्हणालो.

"फिर तो आपको मालूम होना चाहिए था!"

यावर मी दरी पाहू लागलो.

दरी, धबधबे, बोगदे, सगळं पाहिलं. पण मागून. जे दिसलं ते लांब जाताना दिसलं, नोकरीत दिसायचं तसंच. मध्येच वच्छलाचा व्हिडिओ कॉल आला. तिने मोबाईल डोंगराकडे नाही, माझ्या सीटकडे धरला होता.

"पाहा, तुमच्या जागी माही पर्स बसून राहिली!"

तेवढ्यात बोगदा आला आणि कॉल कटला. त्या अंधारात मला खरोखर वाईट वाटलं. (बोगदा संपेपर्यंत.)

परतताना तिने मला खिडकीशी बसवलं आणि माझ्या मनगटाला आपल्या पदराची गाठ मारली.

"अवं, लोक पाहून राहिले!"

"पाहू द्या. लग्नातबी पायलंच होतं. बसा!"

नेमकी त्याच स्टेशनावर गाडी थांबली. शिट्टी झाली. माझा उजवा हात आपोआप वर निघाला आणि त्याच्यासोबत पदरही! सगळा डबा हसला. वच्छलाने तो हात खाली ओढून आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. मीही सोडवला नाही. बाहेर डोंगर तसाच उभा होता, आणि आम्ही दोघं तो शेजारी बसून पाहत होतो.

गाडी काही केल्या हलेना. डब्यातले लोक सिग्नलच्या नावाने खडे फोडू लागले. त्यांना काय ठाऊक, सिग्नल वच्छलाने धरून ठेवला होता!