कौशल्याच्या ओळी

कोथरूडच्या त्या सोसायटीत पाण्याचे हाल सर्वांचेच होते. ते शुद्ध मराठीत मांडण्याचे काम मात्र गोपाळकृष्णांचे. महाविद्यालयात मराठी शिकवणारे हे गृहस्थ महापालिकेला स्वतः अर्ज लिहीत आणि शेजाऱ्यांचेही तपासून देत. हेच अर्ज व सोसायटीच्या ग्रुपवरचे निरोप जुळवून वल्लरी नावाची संशोधक टंचाईवर कविता करते आहे, हे कळल्यावर निम्मी कविता आपली असणार याविषयी त्यांना शंका उरली नाही.

सभागृहात वल्लरीने आधी रीत सांगितली. पदरचा शब्द घालायचा नाही, लोकांच्याच ओळी एकाखाली एक लावायच्या. मग तिने वाचले:

पोराला शाळेत तसंच धाडलं
भांडी उद्याला ठेवली
पाहुण्याला चहा विचारला नाही

कोणी खोकलेसुद्धा नाही. ओळी कौशल्याच्या होत्या. लातूरकडून आलेल्या, तळमजल्यावर पोळीभाजी विकणाऱ्या कौशल्याच्या. गोपाळकृष्णांच्या काव्यवाचनाला अशी शांतता लाभे ती श्रोते उठून गेल्यावर.

"आमचे अर्ज आपल्यापर्यंत पोहोचले नसावेत," ते वल्लरीला म्हणाले.

"पोहोचले ना काका. पण सगळ्यांची भाषा एकच. मला वाटलं, छापील नमुना आहे. कोणाला काय त्रास, तेच कळेना."

"मी तपासले होते ते."

"कौशल्याताईंचा नाही तपासलात?"

'राहू द्या सर, माझं मी लिहिते,' असे कौशल्या म्हणाली होती. तेव्हा ते गालात हसले होते.

"अजून निरोप गोळा करतेय मी. तुम्हीही लिहा ग्रुपवर. साधंच."

आयुष्यभर व्याकरण शिकवलेल्या माणसाला हा सल्ला. तरी संध्याकाळी नळ कोरडा पडताच त्यांनी फोन उघडला. 'सविनय निवेदन' खोडले, 'तीव्र खेद' खोडला. उरले एवढेच: 'पाणी नाही. श्यामलाने कुकर लावला नाही.' एकही विशेषण नसलेली ती दोन वाक्ये त्यांनी जड हाताने पाठवली आणि वाट पाहिली.

कौशल्याचे उत्तर लगेच आले. 'आमच्याकडं हाय की सर. बाईंना म्हणावं, कुकर इकडंच लावा.'

अंगठ्यांची रीघ लागली. पाठोपाठ वल्लरी: 'कौशल्याताई, ही ओळ घेऊ का?'

त्यांच्या ओळीविषयी कोणी काही विचारले नाही. ते पडद्याकडे बघतच राहिले. त्यांच्या पत्नी श्यामलाबाई तांदूळ भरलेला कुकर घेऊन केव्हाच दाराबाहेर पडल्या होत्या.

"अहो," जिन्यावरून आवाज आला, "रुसून झालं असेल तर झाकण तेवढं आणा."