छत्रीवर घेतलेलं माप

नव्वदीच्या दशकात सिंगापूरमधल्या आंग मो किओला आमच्या इमारतीत एक पुण्याचे ड्राफ्ट्समन राहायचे. ते इतकं हळू बोलत की ऐकायला पुढे वाकावं लागे. घरात झुरळ निघालं तर ते कागदावर घेऊन खाली सोडून येत. त्यांची कंपनी एक नवी कार्बाइन, म्हणजे आखूड बंदूक, तयार करत होती आणि तिच्या दस्त्याचं ड्रॉइंग त्यांच्याकडे होतं. "गोळी पिस्तुलाचीच, पण खांद्याला टेकवून झाडायची. धक्का कमी बसतो, नेम चांगला लागतो," असं ते कौतुकाने सांगत.

एका रविवारी ते जेवायला आले आणि खिशातून टेप काढून माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, जरा ही छत्री खांद्याला लावून धरता का? लहान चणीच्या माणसालाही जमायला हवं."

तिने हसत धरली. त्यांनी खांद्यापासून बोटापर्यंतचं अंतर मोजून वहीत लिहिलं.

"कशाचं माप हे?" तिने विचारलं. त्यांनी काही न लपवता सांगितलं.

तिने छत्री खाली ठेवली. "भाऊजी, ती कुणावर झाडणार?"

ते टेप गुंडाळू लागले. "ते ड्रॉइंगमध्ये नसतं, वहिनी." मग वहीतलं तिचं माप त्यांनी नीट खोडलं आणि आमटी मागून घेतली.

महिन्याभराने ते खुशीत आले. "दस्ता आता मागेपुढे सरकतो. कुणाचंच माप लागत नाही!"

मी त्यांचं अभिनंदन केलं. बायको चहा ठेवायला उठली नाही. आमच्यातलं कोण चुकलं, ते मला अजून उमगलेलं नाही.